आधी सॅलीचा निबंध वाचा

‘डॉक्टर हू’ बघायचंय, पण सुरुवात कुठून करू? तुम्हीही विचारलंत, आणि तुमच्याआधी इतक्यांनी विचारलंय की एकदाचं लिहूनच काढते. विचारणारा धास्तावलेला असतो, आणि ते साहजिक आहे. बीबीसीवर ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, मध्ये बरीच वर्षं बंद होती, २००५ मध्ये पुन्हा उभी राहिली आणि भागांनी आठशेचा आकडा केव्हाच ओलांडला. ‘पहिल्यापासून बघावी लागेल का?’ हा पुढचा प्रश्न. नाही, आणि मनात आणलंत तरी जमणार नाही. साठच्या दशकातल्या कितीतरी भागांच्या टेप बीबीसीने स्वतःच पुसून टाकल्या. त्यातले बरेच भाग अजून हाती लागलेले नाहीत.

माझं उत्तर ठरलेलं आहे. एक छोटी कथा वाचा आणि मग एक भाग बघा. दोन्ही स्टीव्हन मॉफट यांनी लिहिलेले, दोन्हींत सॅली स्पॅरो नावाची मुलगी, आणि कल्पनाही मुळात तीच. (पुढे मी दोन्हींतलं बरंच काही फोडणार आहे. ‘ब्लिंक’चा, म्हणजे त्या भागाचा, शेवट मात्र सांगत नाही.)

त्याआधी माहीत हवं ते एवढंच. डॉक्टर हा परग्रहावरचा, काळात हिंडणारा इसम. मरणाच्या दारात पोचला की त्याचा चेहराच बदलतो, म्हणजे नट बदलतो. टार्डिस हे त्याचं यान. बाहेरून ते इंग्लंडात पोलिसांना फोन करायला रस्त्यावर जी निळी खोकी असायची तसं दिसतं.

कथा २००६ च्या ‘डॉक्टर हू’ वार्षिकात आली. नाव शाळेतल्या निबंधाचं: नाताळच्या सुट्टीत मी काय केलं. लिहिणारी सॅली, वय वर्षं बारा. सुट्टीत ती मावशीच्या घरी राहायला गेलेली आहे. तिथे वॉलपेपरखाली भिंतीवर तिला मजकूर सापडतो, आणि त्यात चक्क तिचं नाव. सॅली स्पॅरो, मला मदत कर. तारीख १९८५ ची, म्हणजे तिच्या जन्माच्याही आधीची. जुन्या फोटोंत कातडी जाकिटातला, मोठ्या कानांचा एक माणूस दिसतो. हा ख्रिस्टोफर एकल्स्टनचा डॉक्टर. पुढे एक व्हिडिओ टेप मिळते. ती लावल्यावर तोच माणूस पडद्यातून सॅलीशी बोलू लागतो. ती प्रश्न विचारते, तो उत्तर देतो. ती मनातल्या मनात वैतागते, तर तो त्यावरही बोलतो. टेप वीस वर्षांपूर्वीची.

हे जमतं कसं? त्याच्या हातात तिचा निबंध आहे. हाच, आपण वाचतोय तो. त्यात सॅलीने दोघांचं सगळं बोलणं उतरवून ठेवलेलं असल्यामुळे ती आता काय म्हणणार ते त्याला ठाऊक आहे. टार्डिस त्याला १९८५ मध्ये टाकून वीस वर्षं पुढे निघून आलेली आहे, आणि ती मागे नेऊन पोचवायचं काम सॅलीकडे आलंय. निबंध त्याला दिला कोणी? मोठेपणीच्या सॅलीने, इस्तंबूलमध्ये.

आता जरा हिशेब मांडा. डॉक्टर टेपवर जे बोलला ते सॅलीने लिहिलं. सॅलीने जे लिहिलं ते वाचून डॉक्टर बोलला. मग ती वाक्यं रचली कोणी? कोणीच नाही. दोघंही नुसती नक्कल करतायत, मूळ प्रत कुठेच नाही. कालप्रवासाच्या कथांमध्ये हा पेच नवा नाही, पण बहुतेक लेखक तो समजावून द्यायला एखादा प्राध्यापक आणून उभा करतात आणि गोष्ट तिथेच बसते. मॉफट यांनी तो बारा वर्षांच्या मुलीच्या निबंधात घातला. समजावण्याची भानगडच नाही, कारण सॅलीला फक्त सुट्टीत काय झालं ते सांगायचंय. कथेत खलनायकही नाही. कोणाचं काही जात नाही, सगळे आपापल्या जागी सुखरूप पोचतात.

‘ब्लिंक’ हा भाग ९ जून २००७ ला दाखवला गेला आणि तिथे हा सुखरूपपणा संपला. डॉक्टर आता डेव्हिड टेनंट आहे. सॅली मोठी झाली आहे. भूमिका केरी मलिगनची, तेव्हा तिचं फारसं नाव झालेलं नव्हतं. दोन भागांचं चित्रीकरण एकाच वेळी चालू असल्याने यात डॉक्टरच्या वाट्याला मोजकीच मिनिटं आली. माझ्या मते भागाचं त्यात भलंच झालं. वॉलपेपरखालचा मजकूर तसाच आहे, टेपच्या जागी डीव्हीडी आल्यात, निबंधाच्या जागी संभाषणाची लिहून काढलेली प्रत. नवीन आहेत ते देवदूत.

लहानपणी आपण ‘स्टॅच्यू’ म्हणून समोरच्याला जागच्या जागी गोठवायचो. इंग्लंडातल्या मुलांच्या त्याच जातीच्या खेळातून मॉफट यांना हे भूत सुचलं. कोणी बघत असलं की ते दगडाचे पुतळे, आणि पापणी लवली की एक पाऊल पुढे. पडद्यावर ते एकदाही हलताना दिसत नाहीत. जिवंत नट्या रंग लावून स्तब्ध उभ्या केल्या होत्या. देवदूत जीव घेत नाहीत, स्पर्श करून माणसाला भूतकाळात फेकतात आणि त्याचे इथले न जगलेले दिवस खातात.

म्हणजे कथेत जे फुकट होतं त्याची इथे किंमत पडते. बिली शिप्टन हा तरुण पोलीस अधिकारी एका पावसाळी दिवशी सॅलीला भेटतो, आल्या आल्या लाडीगोडी सुरू करतो, फोन नंबर मिळवतो. ती निघते आणि काही क्षणांत देवदूत त्याला १९६९ मध्ये भिरकावतात. सॅलीचा फोन वाजतो. बिलीच बोलतोय, इस्पितळातून. ती जाऊन बघते तर खाटेवर म्हातारा. मधल्या वर्षांत त्याने संसार केला, प्रकाशन व्यवसायात शिरला, तिथून व्हिडिओ, मग डीव्हीडी, आणि डॉक्टरचा निरोप नेमक्या सतरा डीव्हीडींत दडवून ठेवला. खिडकीबाहेर तोच पाऊस चालू आहे, जो ते भेटले तेव्हा पडत होता, आणि तो थांबेपर्यंतच आपण आहोत हे बिलीला माहीत आहे. सॅलीसाठी त्या भेटीला अजून दुपारही उलटलेली नाही, त्याचं मात्र आयुष्य उलटून गेलंय. या प्रसंगात एकही यंत्र नाही, एकही पुतळा नाही. कालप्रवास म्हणजे काय हे मला कुठल्याही गोष्टीत इतकं कळलेलं नाही. या भागाला विज्ञानकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार २००८ मध्ये मिळाला. मी परीक्षक असते तर या एका खाटेसाठी दिला असता.

‘पण असं खरंच होऊ शकतं का?’ हेही लोक विचारतातच. पुढे जाणं शक्य आहे, अगदी किंचित. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या शास्त्रज्ञांनी अतिशय अचूक अणुघड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. पूर्वेकडे गेलेली घड्याळं जमिनीवरच्यांपेक्षा सुमारे ५९ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) मागे पडली, म्हणजे त्यांचा वेळ तेवढा कमी गेला आणि ती तेवढीच भविष्यात पोचली. मराठी वाचकाला हा प्रांत नारळीकरांमुळे परका नाही. त्यांनी १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने धाडली, तीही आद्याक्षरं उलटी करून! मागे जाण्याचं मात्र कागदावरच आहे. १९४९ मध्ये गणिती कुर्ट गोडेलने आइनस्टाइनच्या समीकरणांतून भूतकाळाकडे वळणारी वाट काढून दाखवली, पण त्यासाठी सगळं विश्वच फिरतं असावं लागतं. आपलं तसं फिरत असल्याचा पुरावा नाही.

आणखी एक. ‘ब्लिंक’ आवडला की देवदूतांचे पुढचे भाग लगेच लावावेसे वाटतील. जरा थांबा. २०१० च्या जोडभागात देवदूत माना मोडतात आणि एका ठिकाणी कॅमेऱ्यासमोर हलतातही. भाग वाईट नाही, पण आधी बघितलात तर ‘ब्लिंक’मध्ये घाबरायला काही उरणार नाही.