झडीच्या दिवसांतला इन्व्हर्टर

जुलैची झड लागली होती आणि आमचा नॅनोतारेचा इन्व्हर्टर (घरातला नव्हे; 0 दिला तर 1 आणि 1 दिला तर 0 देणारं लॉजिक गेट) काही केल्या एका जागी थांबत नव्हता. चिप मुंबईच्या आयआयटीत बनवलेली. बाहेरच्या कॉलेजांना तिथली क्लीनरूम, म्हणजे चिप बनवायची धूळमुक्त खोली, वापरता येते, म्हणून नागपुरात बसून आम्ही हे काम करू शकतो. मोजमाप मात्र इथल्याच प्रोब स्टेशनवर, म्हणजे चिपवर बारीक सुया टेकवून मोजायच्या यंत्रावर. सिलिकॉनची तार 20 नॅनोमीटरची, केसापेक्षा काही हजार पट बारीक.

2001 साली हार्वर्डमध्ये चार्ल्स लीबर यांच्या गटानं सिलिकॉन आणि गॅलियम नायट्राइडच्या तारा एकमेकींवर आडव्या टाकून ऑर, अँड, नॉर ही लॉजिक गेट आणि दोन बिटांची बेरीज करणारा हाफ अ‍ॅडर करून दाखवला. मला त्यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो गेन, म्हणजे आतलं व्होल्टेज थोडं बदललं की बाहेरचं त्याच्या किती पट बदलतं ते. नुसत्या डायोडच्या गेटमधून जाताना दर टप्प्याला व्होल्टेज झिजतं. गेन 1 च्या वर असेल तरच एक गेट पुढच्याला चालवतं. आम्हालाही तेच हवं होतं.

माझी पीएचडीची विद्यार्थिनी वैतागली होती. "सर, व्होल्टेज वाढवताना एक अन् कमी करताना दुसरंच दाखवून राहिलं. तार खराब निघाली वाटते."

व्होल्टेज वाढवतानाचा आणि कमी करतानाचा, अशा दोन वक्रांमध्ये चांगलीच फट होती. म्हणजे आत तेच व्होल्टेज देऊनही बाहेर 0 येणार की 1, हे आधी काय दिलं होतं त्यावर ठरणार. असं लॉजिक काय कामाचं? मी भिंतीवरचा आर्द्रतामापक बघितला. काटा 80 च्या वर.

इतक्या बारीक तारेत पृष्ठभागच सगळं ठरवतो. ऑक्साइडवर पाण्याचे रेणू चिकटतात, विद्युतभार तिथं अडकतो आणि ट्रान्झिस्टर सुरू होण्याचं व्होल्टेज सरकतं. मी म्हटलं, "तारेला दोष देण्याआधी तिला वाळवून बघू."

चिप 120 अंशांवर तापवली, वरून कोरडा नायट्रोजन सोडला आणि त्यातच थंड होऊ दिली. पुन्हा मोजलं तर दोन्ही वक्र जवळजवळ एकावर एक बसले. गेन 3 च्या पुढे. मला वाटलं काम झालं, पण तिनं न सांगता नायट्रोजन बंद केला, झाकण उघडलं आणि मोजत राहिली. काही मिनिटांत फट परत आली. नायट्रोजन परत सुरू करून पुन्हा तापवलं, फट गेली. खरा पुरावा तो होता, आणि तो तिचा होता.

पुढच्या खेपेला मुंबईत, पाणी चिकटू नये म्हणून, तारांवर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर चढवायचा, हे त्याच संध्याकाळी ठरलं. अर्ज तिनंच भरला.