धोबी उशिरा येतो

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

पाषाण तलावावरून साडेआठलाच परतलो. चिनूला भूक लागली, हे निमित्त.

रामनदी तलावात शिरते त्या बाजूला उभे होतो. जलपर्णीवर दोन जांभळ्या पाणकोंबड्या, खुंटावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा, नेहमीचीच मंडळी. चिनू म्हणाला, "आजी, हा कोण ओरडतोय?" म्हटलं, कुठे कोण ओरडतंय? "अगं हा काय, सारखा च्झिट च्झिट करतोय." तेवढ्यात दगडावरून तो उडालाच. पिवळं पोट, लांबलचक शेपूट, झोके घेत खाली-वर. करडा धोबी, हिमालयातून हिवाळ्यापुरता येणारा पाहुणा. पंधरा पावलांवर. चोच उघडलेली दिसली मला. आवाज नाही.

घरी येऊन वही काढली. पहिला करडा धोबी: २०१४, १६ सप्टेंबर. २०१७, १९ सप्टेंबर. २०२२, २८ सप्टेंबर. २०२३, ४ ऑक्टोबर. गेल्या वर्षी ९ ऑक्टोबर, पुढे लाल शाईत "उशिरा!"

या "उशिरा"वर मी काय काय बोलले आहे! पाऊस लांबतोय, हिमालयातूनच उशिरा निघत असतील, हवामानच बदललंय. भिशीत तर वही दाखवून. आणि तो बिचारा वेळेवर येऊन माझ्या डोक्यावरून ओरडत जात असणार. मी आधी आवाज ऐकायचे, मग मान वळवायचे. आवाजच नाही म्हटल्यावर मान कशाला वळेल?

हे म्हणायचे, टीव्ही जरा बारीक कर. तेव्हा मी यांनाच... जाऊ दे.

वय झालं की बारीक, उंच आवाज आधी जातात. तीस वर्षं मुलांना शिकवलंय हे, फळ्यावर कानाची आकृती काढून. वंचक बगळ्याचं खरखरीत ओरडणं येतं ऐकू. वरच्या मजल्यावरचं ड्रिल येतं. कुकरच्या शिट्ट्या येतात. म्हणजे जे गेलं तरी चाललं असतं, ते सगळं शाबूत आहे.

सगळे "उशिरा" खोडावेत का? पण एखादं वर्ष खरंच उशीर झाला असेल तर? कोणतं, हे आता कोण सांगणार.

आजच्या तारखेपुढे लिहिलं: ऐकला चिनूने, पाहिला मी. उद्या कोजागिरी, दुधाचं सांगायचं राहिलंय. आणि पुढच्या सप्टेंबरात दर रविवारी त्याला पहाटे उठवायचं तर वडापाव कबूल करावा लागेल. आज दोन खाल्लेन.