व्हिडाची मान

पॅट्रिक स्वेझी म्हणजे ‘रोड हाउस’मधला मारामारी करणारा गडी, वेस्ली स्नाइप्स ‘पॅसेंजर ५७’चा. १९९५च्या ‘टू वाँग फू’ या सिनेमात हे दोघे, सोबत जॉन लेग्विझामो, ड्रॅग क्वीन (बाईच्या नटव्या वेशात कला सादर करणारे पुरुष) होऊन लॉस एंजेलिसला निघतात, गाडी आडगावात बंद पडते.

काल तिसऱ्यांदा पाहिला. सुरुवातीला आरशासमोर स्वेझीची व्हिडा, म्हणजे त्याचं सिनेमातलं पात्र, होते, ते दृश्य मी थांबवून थांबवून पाहिलं. हात किती हळुवार! बॅले शिकलेला माणूस, आई नृत्यशिक्षिका. मान कशी धरायची हे अंगातच होतं. (स्नाइप्सची ऐट वेगळीच.)

बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला व्हिडा घराबाहेर काढते, तिथे ‘रोड हाउस’वाले दंड दिसतात, आणि मला रडू येतं. माझ्या मावशीसाठी असं कुणीच मध्ये पडलं नव्हतं.