तबला नसलेली तबकडी

आपल्याकडे सिनेमा शुक्रवारी लागतो, इथे अमेरिकेत नवे अल्बमही शुक्रवारीच येतात. फक्त रांगबिंग काही नसते. 10 ऑक्टोबर 2025 ला बर्कलीतल्या एका रेकॉर्डच्या दुकानात मी होतो, गल्ल्यावरचा पोरगा होता आणि एक आजोबा.

जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड यांचा ‘फिगर इन ब्लू’ घेतला. दोन तबकड्यांचा संच. (डॉलरला रुपयांनी गुणायची खोड अजून जात नाही.) लॉइड मेम्फिसचे, जन्म 1938 चा, म्हणजे सत्त्याऐंशीव्या वर्षी हा माणूस दुहेरी अल्बम काढतो! त्यांचा टेनर सॅक्सोफोन, पियानोवर जेसन मोरान, गिटारवर मार्व्हिन सूएल. बस्स. ड्रम नाहीत, बेससुद्धा नाही. मैफल सुरू झाली आणि तबलजीची जागा रिकामीच, असं काहीसं.

अल्बम कुणाचा यापेक्षा त्यात कोण कोण वाजवतंय हे जॅझवाले आधी बघतात. ती सवय आता मलाही लागलीय. म्हणून दुकानातच मागची बाजू वाचत उभा होतो, तर शेवटाकडे दिसलं: ‘हिम टू द मदर, फॉर झाकीर’, म्हणजे आईचं स्तोत्र, झाकीरसाठी.

झाकीर म्हणजे आपले माहीमचे झाकीरभाई. ते कित्येक वर्षं इथेच, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहिले आणि 15 डिसेंबर 2024 ला इथेच गेले. ते, लॉइड आणि ड्रमवर एरिक हारलंड या तिघांनी 2004 मध्ये सांता बार्बराच्या लोबेरो थिएटरात बिली हिगिन्स या दिवंगत ड्रमरच्या आठवणीत कार्यक्रम केला होता. 2006 मध्ये त्याचा ‘संगम’ नावाचा अल्बम निघाला. ही ‘मदर’ची रचना मूळची त्यातली. म्हणजे ड्रमरच्या आठवणीत वाजलेली चीज आता तबलजीच्या आठवणीत.

घरी आल्यावर आधी ‘संगम’ची सीडी लावली, मग ही तबकडी. नवं ऐकताना माझी बोटं सवयीने मांडीवर ठेका धरू बघत होती. पण सम कुठे पडणार ते कोणी सांगतच नव्हतं. दोनदा चुकलो आणि हात बाजूला ठेवला.

पुण्याला बाबांचा फोन लावला आणि स्पीकरजवळ धरला. तिकडे सकाळ होती, मागे कुकरची शिट्टी.

“तबला कुठाय?”

“नाहीये बाबा.”

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “फोन ठेवू नकोस. सुरुवातीपासून लाव.”