कडब्यासाठी पेरलेली ज्वारी

"दाणे वरचे रे बाळा, मी कडब्यासाठी पेरते."

आत्या औशाकडच्या रानात मालदांडी, म्हणजे रब्बी ज्वारीचा जुना वाण, दाखवत होती. चहूबाजूंनी हरभरा, मधे हिची एकरभर ज्वारी. बांधावरचे दादा म्हणाले, हरभरा टाका की, चार पैसे तरी मिळतील. त्यावर तिचं हे उत्तर. दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

तिच्या दारात एक गाय आणि दोन शेळ्या. कडबा, म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटं, गाईला, शेण रानाला, थोडं दूध डेअरीला आणि उरलेलं नातवंडांना. शेळी म्हणजे दवाखान्याचा खर्च अचानक आला तर हाताशी असलेला पैसा. यातला कडबा काढून घेतला की उन्हाळ्यात गाईला बाजार दाखवावा लागतो. मग शेणखत जातं, पोरांच्या कपातलं दूधही जातं.

१९६४ साली पहिली संकरित ज्वारी आली. दाणे भरपूर, ताटं मात्र बुटकी. रब्बीत शेतकऱ्यांनी मालदांडी सोडली नाही, त्यामागे भाकरीच्या चवीइतकाच हा उंच, गोड कडबाही होता. पण आपण पीक मोजतो ते क्विंटलमध्ये, फक्त दाण्याचं.

अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. ते हवंच, त्यावर माझा वाद नाही. पण आत्याच्या घरातली सुरक्षा गोठ्यातून सुरू होते, आणि तिची नोंद कुठेच दिसत नाही.

तुमच्या गावात अजून किती जण कडब्यासाठी ज्वारी पेरतात?