चाळीस हजारांचं डिपॉझिट

नवऱ्याला अंबडच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि आम्ही जळगावचं बिऱ्हाड नाशिकला हलवलं. कंपनी आणि मुलीची शाळा दोन्ही जवळ पडावं म्हणून इंदिरानगरच धरून बसलो. पंधरा दिवस घरं पाहिली. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे लिफ्ट नसलेली घरं बाद. शेवटी चौथ्या मजल्यावरचा, गच्चीखालचा टू बीएचके पसंत पडला. भाडं १२ हजार, डिपॉझिट ४० हजार.

घरमालक सत्तरीला टेकलेले, सातपूरच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. पहिल्याच भेटीत म्हणाले, "हे बघा ताई, रजिस्टर करार वगैरे मी करत नाही. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करू. आणि डिपॉझिट रोख द्या."

त्या ४० हजारांत माझी दोन वर्षांची भिशी होती. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. घर हातचं जाऊ द्यायचं नव्हतं, पण पावतीशिवाय पैसेही द्यायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी घरमालक काकांकडे पुन्हा गेलो. नवरा बोलायला लागला तर काका त्याला तोडूनच टाकत होते. तेव्हा काकू चहा घेऊन आल्या आणि त्यांच्या तोंडून खरं कारण निघालं. आधीच्या भाडेकरूने मुदत संपल्यावरही सहा महिने घर सोडलं नव्हतं. एकदा करार रजिस्टर झाला की भाडेकरू कायमचा बसतो, असं काकांच्या डोक्यात पक्कं होतं. खरं तर आहे नेमकं उलट. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. आणि लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळासाठी घर वापरायला देण्याच्या कराराची, मुदत संपूनही माणूस घर सोडत नसेल, तर कलम २४ खाली त्याच्याकडून दुप्पट भाडं मागता येतं. मी काकांना एवढंच म्हटलं, "काका, तो कागद तुमच्याकडे असता तर ते सहा महिने राहिले असते का?" ते काही बोलले नाहीत. चहा संपवला आणि म्हणाले, "खर्च तुमचा."

खर्च फार नव्हताच. अकरा महिन्यांचा करार, स्टॅम्प ड्युटी चारशेच्या आसपास, शहरात नोंदणी फी १ हजार, आणि एजंटचे पैसे वेगळे. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच आला. आमचे अंगठे लगेच लागले. काकांचा लागेना. कपडा ओला करून पुसला, दाबून पाहिला, डावा हात घेतला, तरी नाही. चाळीस वर्षं लेथवर काम केलेली बोटं, रेषाच झिजून गेल्या होत्या. मशीनवर लाल खूण आली की ते तळहात पुन्हा पुन्हा धोतराला पुसायचे. शेवटी मधल्या बोटाने काम झालं. माझा त्यांच्यावरचा राग त्या अर्ध्या तासात बराच उतरला. पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्मही एजंटनेच ऑनलाइन भरला.

डिपॉझिट बँकेतून दिलं. चावी हातात आल्यावर सामान आत घेण्याआधी मी प्रत्येक खोलीचे फोटो काढले: नळ, फरशा, मीटरचं रीडिंग. बेडरूमच्या गच्चीकडच्या भिंतीला तेव्हाच पोपडे होते. तो फोटो त्याच दिवशी काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यांनी "ठीक" लिहिलं.

मधले महिने बरे गेले असं म्हणणार नाही. पाहुणे आले की वॉचमनकडे चौकशी, रात्री दहानंतर वॉशिंग मशीन लावलं की फोन. जुलैच्या पावसात त्या भिंतीतून पाणीच झिरपायला लागलं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायला सांगितलं तर "दिवाळीनंतर बघू". ती खोली आम्ही बंद ठेवली आणि मुलीचा अभ्यास हॉलमध्ये आणला. करार संपताना भाडं १५ हजार मागितलं, "सिंहस्थ येतोय" म्हणून. आम्ही करारात ठरल्याप्रमाणे महिनाभर आधी लेखी कळवून घर सोडायचं ठरवलं.

सोडायच्या दिवशी काकांनी भिंतीवर हात ठेवला. म्हणाले, "हे तुम्ही खराब केलं. १० हजार कापणार." मी फोन काढून पहिल्या दिवसाचा फोटो दाखवला, खाली त्यांचं "ठीक". त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. काकू मागून म्हणाल्या, "अहो, ते पोपडे आधीचेच आहेत." स्वयंपाकघरातली एक टाइल आमच्याकडून फुटली होती, तिचे ७०० रुपये मी स्वतःहून कापायला सांगितले. लाइटबिल अजून यायचं होतं, म्हणून दोघांनी मिळून मीटरचा फोटो काढला आणि तिथपर्यंतचे युनिट आमचे असं ठरलं.

चौथ्या दिवशी ३९,३०० रुपये खात्यात आले. संध्याकाळी काकांचा फोन आला. नवीन भाडेकरू आलेत, तो मशीनवाला एजंट पुन्हा मिळेल का, विचारत होते. नंबर पाठवला.