ताम्हिणीत वर आलेला सीटचा दांडा

मुळशी मागे टाकून ताम्हिणीच्या वळणांना लागलो आणि मागून एक बाईकवाला हॉर्न वाजवत शेजारी आला. हेल्मेटची काच वर करून ओरडला, "ओ ताई, मागची सायकल पडतीये!"

दसऱ्याची सुट्टी, डिकीवर पट्ट्यांनी बांधलेला रॅक, त्यावर तीन सायकली आणि दिवेआगरला जायचं, असा बेत. गाडी कडेला घेतली. लेकीची सायकल सगळ्यात बाहेर टांगलेली होती, तिची मागची बाजू वीतभर खाली आली होती. चाक आणि सायलेन्सर यांच्यात चार बोटं अंतर उरलेलं. अजून दोन खड्डे गेले असते तर टायर भाजला असता.

झालं होतं असं. लेकीची लेडीज सायकल, तिला वरचा आडवा दांडा नाही. रॅकवर टांगायची तर पुढे हँडलच्या खाली आणि मागे सीटच्या दांड्याला अडकणारी एक जोडदांडी लावावी लागते. म्हणजे पंधराएक किलोच्या सायकलचं मागचं वजन सीटच्या दांड्यावर. सकाळी निघताना लेकीने उंची वाढली म्हणून सीट वर केली आणि दांडा आवळून धरणाऱ्या क्लॅम्पची खिटी नुसती लोटून दिली. घाटात हिसके बसले, तसतशी सायकल खाली आणि दांडा वर. "याच्यावर काढू नका" म्हणून दांड्यावर जी रेष कोरलेली असते ना, ती लख्ख दिसत होती. रेषेच्या खाली अंगठाभर दांडा आत होता, बस्स.

"आई, मी घट्टच केलं होतं गं," लेक म्हणाली. मी काही बोलले नाही, कारण तपासायचं काम माझं होतं.

गंमत अशी, की जो दांडा जागचा हलायला नको होता तो हलला, आणि उरलेले दोन आम्ही उगाच काढून ठेवले होते. नवऱ्याच्या सीटचं नाक माझ्या हँडलला घासत होतं, म्हणून त्याचा एकच काढला असता तरी भागलं असतं. पण हौस! दोन्ही काढले, जुन्या पंचात गुंडाळले आणि फ्रेमच्या नळ्या तशाच उघड्या ठेवल्या. विळ्याच्या अलीकडे सर आली ती माणगावपर्यंत.

दिवेआगरला सुपारीच्या वाडीतल्या अंगणात माझी सायकल उलटी केली, तर नळीतून पेलाभर गढूळ पाणी आलं, सोबत एक सुरकुतलेलं पान. माझी फ्रेम लोखंडी. ते पाणी खाली पेडलच्या मधल्या आसाच्या बेअरिंगपर्यंत उतरतं आणि आत गंज धरतो. नवरा तोवर एक दांडा माझ्या नळीत घुसवत होता. जाईना. दोन्ही काळे, दिसायला सारखे. खाली बारीक आकडे वाचले तेव्हा कळलं, माझा 27.2 मिलिमीटरचा आणि त्याचा 30.9. तोवर पंचा जमिनीवर पसरलेला, ग्रीसला वाळू चिकटलेली. नीट न पुसता दांडा बसवला, त्यामुळे दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनपर्यंत प्रत्येक पेडलला खालून कर्र, कर्र.

रस्ता मात्र काय सांगू! एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट समुद्र, आणि गाड्या कमी. आरावीच्या आसपास माझा गुडघा पुढून दुखायला लागला. सीट अंदाजाने बसवली होती, इंचभर खाली राहिली होती. उतरून वर केली, तेव्हा कुठे जिवात जीव आला. श्रीवर्धनला पेशव्यांच्या मूळ गावी आलोय वगैरे इतिहास नवऱ्याने सांगितला. माझं लक्ष सोलकढीकडे.

परत निघताना लेकीने तिन्ही दांड्यांवर क्लॅम्पला लागून नेलपॉलिशची रेघ ओढली, भडक गुलाबी. फक्त नवऱ्याची सीट काढली आणि त्या नळीच्या तोंडावर दुधाच्या पिशवीचा तुकडा रबरबँडने बसवला. लेकीच्या सायकलची खिटी एवढी दाबली की तळहातावर वळ उठला. शिवाय फ्रेममधून एक जादा पट्टा थेट रॅकला बांधला, म्हणजे दांडा निसटला तरी सायकल रस्त्यावर पडणार नाही.

माणगावला चहाला थांबलो. लेक चहा सोडून आधी मागे गेली, वाकून रेघ बघून आली.

"आहे गं जागेवर," म्हणाली आणि माझी भजी उचलली.